गावाला चाललो, मेट्रोने

शुक्रवार, वसुबारस

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावाला जाणार, असं लेकीने वर्गात सांगितलं. गिरगावातल्या शाळेत त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: कोकणकन्या की तुतारी? ही म्हणाली, मेट्रो. वर्गभर हशा पिकला, पण पोरगी खोटं बोलत नव्हती.

आमचं स्वतःचं म्हणावं असं गाव आता उरलेलं नाही. आजोबांचा राजापूरकडचा हिस्सा भावकीच्या भांडणात कधीच गेला. माझ्या खात्यातला मित्र मात्र वारली, आणि त्याच्या पणजोबांपासूनची वस्ती आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर. ‘वाघबारशीला ये, कापणीही आहे, फुकटचे मजूर मिळतील,’ असं त्याने डबा खाताना म्हटलं आणि बायकोने ते मनावर घेतलं. पाड्याचं नाव लिहायचं नाही, एवढीच त्याची अट. रविवार उजाडला की गळ्यात कॅमेरे अडकवून माणसं येतात आणि न विचारता अंगणात शिरतात, म्हणून. आरेत असे २७ पाडे सांगतात. त्यातला कुठलाही धरा.

मेट्रो ३ ची स्थानकंही नेमकी २७च. गिरगावातून ती सुरू होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. २६ स्थानकं जमिनीखाली, वर फक्त एक, आणि ते शेवटचं: आरे जेव्हीएलआर. पाऊण तास बोगद्यातून आल्यावर गाडी उजेडात आली. इथेच पुढे मेट्रोच्या गाड्या ठेवायचं ते कारशेड. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्यासाठी दोन हजारांवर झाडं पाडली, तीही रात्रीत सुरुवात करून. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर काम उरकलं होतं.

‘त्या रात्री मी होतो इथे,’ मित्र म्हणाला. ‘रस्त्यावरच अडवलं आम्हाला. आता ह्याच गाडीने फोर्टात कामाला येतो. मग काय, चालत येऊ?’

मी काही बोललो नाही. मीही त्याच गाडीतून उतरलो होतो.

रिक्षा पाड्याच्या अलीकडे सोडावी लागली. डांबर संपतं तिथे डाव्या हाताला तबेल्याचं युनिट, शेणाचा आणि ओल्या गवताचा दणकून वास, आणि उजवीकडे पायवाट. पाच मिनिटांत ताडाची झाडं, फणस, विटांची पत्रे घातलेली घरं. कुडाच्या भिंतीचं घर आता एखाददुसरंच. मित्राच्या आईने, जिला लेक आजीच म्हणते, जुन्या घराची एक खोली हट्टाने कुडाचीच ठेवलीय. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वरून शेणमातीचा गिलावा. ऑक्टोबरच्या उन्हात बाजूच्या पत्र्याच्या खोलीत बसवत नव्हतं. ह्या खोलीत दुपारी मी पंख्याशिवाय झोपलो.

आमच्या वाडीत ह्याच तिथीला सवत्स धेनूची पूजा असते. गाय-वासरू घेऊन एक माणूस येतो, बायका त्याला पैसे देतात, गाईला बाजरी भरवतात. इथे त्याच दिवशी पूजा वाघाची. वासराला खाणाऱ्याची! देव म्हणजे झाडाखालचा एक शेंदूर फासलेला दगड. नीट बघितलं की त्यात चार पायांचा वाघ दिसतो, वर चंद्र-सूर्य, कडेला नाग. भगताने तांदळाचे पुंज मांडले, नारळ फोडला, दारूची धार सोडली, कोंबडा दाखवला. मागणं साधं आणि थेट होतं: आमच्या गुराढोरांना, पोराबाळांना हात लावू नको, तुझं तुला देतो. त्यात भक्तिभाव किती आणि करारनामा किती, हे मला ठरवता आलं नाही. करारनामा जास्त वाटला, आणि तोच मला पटला.

कारण वाघोबा इथे गोष्टीतला नाही. पाड्याच्या मागचं रान सलग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला जाऊन मिळतं आणि बिबटे ये-जा करतात. २०२२ च्या दिवाळीत आरेतल्याच एका तान्ह्या मुलीला बिबट्याने नेलं होतं. त्या सकाळबद्दल पाड्यावर कोणी आपण होऊन बोलत नाही. मी विचारलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, ‘कचरा टाकतात बाहेरचे लोक रस्त्यावर. कचऱ्याला कुत्री येतात, कुत्र्यांना तो येतो. त्याचा काय दोष?’ आणि मग लेकीला, जरा कडक आवाजात: ‘अंधार पडल्यावर एकटी बाहेर जायचं नाही. मोरीला जायचं झालं तरी मला उठव.’ रात्री बाहेर पडताना इथे सगळे मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात. बिबट्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून. मित्राचा पुतण्या तर संडासला जाताना ढोल-ताशाच लावतो.

जेवणं झाल्यावर तारपा निघाला. वाळवलेला दुधी, बोरूच्या नळ्या, पुढे ताडपत्राचं लांब भोंगं, सांधे मेणाने बंद केलेले. फुंकणारा म्हातारा श्वास कधी घेतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. सूर तुटतच नव्हता. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात, आणि नियम असा की तारप्याकडे पाठ करायची नाही. तो वळला की अख्खी साखळी वळते. बायको दुसऱ्या फेरीत शिरली आणि तासाभराने घामाघूम होऊन आली. मी पडवीत बसून तोरणं बांधणाऱ्या बायकांना दोरा कापून देत होतो.

शनिवार, धनत्रयोदशी

ती तोरणं विकायला पहाटे निघायचं होतं. लेक आपणहून उठली. शाळेच्या दिवशी हे घडत नाही.

तोरण म्हणजे भाताच्या लोंब्या, झेंडू आणि आंब्याची पानं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मुंबईच्या दारांवर जी सोनेरी लोंबी डुलते, ती कुठून येते ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. आजी ती घरच्या शेतातून आणते. भात पुरतं पिकण्याच्या जरा आधी ह्या लोंब्या खुडायच्या, नाहीतर दाराला टांगल्या टांगल्या दाणे गळतात. चार-पाच लोंब्यांची जुडी, तिला केळीच्या सोपाचा बंध, मग दोन पानं, मग फूल. आजीची बोटं हे न बघता करतात. तोंडाने ती सुनेशी पीठ दळून आणण्यावरून वाद घालत होती.

गोरेगाव पूर्वेला, स्टेशनच्या रस्त्यावर तिची जागा आहे. म्हणजे जागा नाहीच. दोन दुकानांच्या मधला पट्टा, जिथे इतकी वर्षं तीच बसते म्हणून दुसरं कोणी बसत नाही. पाचच्या आत गोणपाट अंथरलं. एका बाजूला तोरणं, दुसऱ्या बाजूला करांदे, कोनफळ, चवळीच्या शेंगा आणि लाल माठाच्या जुड्या. फुटपाथवर त्या उंचीला बसलं की शहर वेगळंच दिसतं: चपला, पिशव्या, कुत्र्यांचे पट्टे. चेहरा दिसतो तो फक्त भाव करायला वाकणाऱ्याचा.

आणि भाव करतातच. हातात हजारांच्या मिठाईचा खोका, पण तोरणाचे चाळीस म्हटले की तीसला दे. आजी भांडत नाही. ती फक्त दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागते, आणि पहिलं गिऱ्हाईक आपोआप पस्तीसवर येतं. लेकीने हे बारकाईने टिपलं. साडेसातच्या सुमाराला तिने एका काकूंना ऐकवलं, ‘लोंब्या खऱ्या आहेत, आमच्या शेतातल्या. प्लास्टिकची समोर मिळतात.’ आमच्या शेतातल्या! काकूंनी दोन घेतली.

मध्येच शेजारचा लिंबूवाला ‘गाडी, गाडी’ करून ओरडला आणि सगळी रांग काही क्षणांत उभी राहिली. आजीने गोणपाटाची चार टोकं अशी उचलली की एक करांदा बाहेर पडला नाही. पालिकेची गाडी नुसतीच पुढे गेली. पुन्हा अंथरलं. आजीने झेंडूवर पाणी मारलं आणि मला चहा सांगायला पाठवलं.

दुपारी पाड्यावर परतल्यावर मित्राने फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत फाईल: रेशनकार्ड, मतदारयादीतल्या नावाचे कागद, आजोबांच्या शाळेचा दाखला, जुनी विजेची बिलं, डेअरीत गवत कापल्याच्या मजुरीची एक जीर्ण चिठ्ठी. आरेची दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहू लागली आणि १९५१ मध्ये नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. शहरातले तबेले बाहेर काढून म्हशी इथे आणायच्या, अशी ती योजना. पाडे त्याच्या आधीचे. पण सातबारा आहे सरकारच्या नावाने आणि पाड्याची वहिवाट आहे माणसांच्या लक्षात. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क मागता येतो. त्यासाठी ही फाईल. गंमत अशी की जमीन दुग्धविकास खात्याची, म्हणून वर्षानुवर्षं उत्तर येई, हे वनच नाही. २०२० मध्ये आरेतली ८१२ एकर जागा राखीव वन करायचं जाहीर झालं, तेव्हा पाड्यावर पेढे वाटावेत की रडावं, हे कोणाला कळेना.

‘वन नव्हतं तेव्हा आम्ही अतिक्रमण,’ मित्र म्हणाला. ‘वन झालं तर वनातलं अतिक्रमण.’

मला आमच्या चाळीची पागडीची पावती आठवली. तीही आजोबांच्या नावाची आहे आणि तीही अशीच प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पण आम्हाला पुनर्विकासात निदान एक फ्लॅट मिळेल, बिल्डर दोनदा येऊन लाडू देऊन गेलाय. ह्यांना काय मिळतं, तर दुसरीकडच्या इमारतीत सातव्या मजल्यावरची खोली. कारशेडच्या वेळी ज्यांना हलवलं त्यांच्याकडे आजी एकदा जाऊन आली. ‘खोली चांगली आहे, फरशी आहे,’ ती म्हणाली. ‘कोंबड्या कुठे ठेवायच्या?’

रविवार

यंदा धनत्रयोदशी आणि नरक चतुर्दशीच्या मध्ये हा एक मोकळा दिवस आला होता. कापणीला तोच धरला.

मला वाटत होतं कापणी म्हणजे उन्हातलं काम. पण दव असतानाच खाचरात उतरले. दवाने लोंबी जड आणि मऊ असते, दाणा धरून राहतो. ऊन चढलं की विळ्याच्या नुसत्या हिसक्याने झडतो. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात दसऱ्याच्या सुमारालाच निघालं होतं, हे त्यानंतर पिकणारं निमगरवं. पाऊस यंदा दसऱ्यापर्यंत रेंगाळला होता, त्यामुळे खालच्या दोन खाचरांतलं भात आडवं पडलेलं. उभं भात कापणं आणि आडवं भात कापणं ह्यांत काय फरक आहे ते माझ्या कमरेला विचारा.

डाव्या हातात बसेल एवढी मूठ धरायची. अंगठा वर, खाली नाही; खाली ठेवणाऱ्याची नखं जातात, असं आजीने पहिल्यांदाच बजावलं. दातेरी विळा पलीकडून आपल्याकडे ओढायचा, एकाच ओढीत. कचकच करत दोनदा ओढला की लगेच आवाज येतो, ‘दाणे पेरताय की कापताय?’ कापलेली मूठ मागे कडपावर, म्हणजे वाळत घातलेल्या भाताच्या ओळीवर टाकायची, सगळ्या लोंब्या एकाच अंगाला. दोन-तीन दिवस ऊन खाऊन कडपं वाळली की भारे बांधायचे आणि खळ्यावर न्यायचे. भाताच्या पातीला धार असते हे मला ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल रेघा उठल्या, आणि त्यात घाम गेला की जी आग होते ती विचारूच नका. आजीने पूर्ण बाह्यांचा सदरा का घातला होता ते तेव्हा समजलं.

आम्ही पुढे सरकत होतो तसे बगळे मागे मागे येत होते, चार पावलांचं अंतर राखून. उडणाऱ्या किड्यांवर त्यांचा डोळा. खाचर संपत आलं की सगळे हात थांबतात. आत अडकलेलं जे काही असतं ते शेवटच्या चटईएवढ्या तुकड्यात गोळा झालेलं असतं. मित्राने काठीने बांधावर आपटलं. बेडूक निघाले, दोन उंदीर निघाले, आणि उंदरांच्या मागावर आलेली एक धामण, चांगली लांब, अजिबात घाई न करता बांध ओलांडून गेली. लेक किंचाळली नाही. ‘आजी, ती आपली आहे का?’ असं तिने विचारलं. आजी म्हणाली, ‘आपलीच. उंदीर खाते ना.’

बायकोचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. दुपारपर्यंत ती बायकांच्या ओळीत मिसळून गेली होती आणि त्यांच्यात कोणाच्या तरी नवऱ्यावरून हसणं चाललं होतं. माझ्याच असणार.

जेवायला सावेली होती. काकडी किसायची, काकडी म्हणजे ही पावसाळी, पिवळी पडलेली, हातभर लांब. तिच्या पाण्यातच नव्या तांदळाचं पीठ आणि गूळ कालवायचा, मीठ चवीला, आणि ते पानात गुंडाळून वाफवायचं. बायकोने आणलेल्या फराळाच्या डब्यातली चकली सगळ्यांनी कौतुकाने खाल्ली, पण दुसरी कोणी घेतली नाही. सावेली मात्र आमच्या घराने संपवली, हे सांगायला हवं. सोबत उकडलेले करांदे. त्यांना एक कडसर चव असते. मीठ लावून खाल्ले की सोडवत नाहीत.

संध्याकाळी पोरांनी किल्ला केला. गिरगावात आम्ही किल्ल्यासाठी लाल माती पिशवीने विकत आणतो. इथे मातीचं कोणाला अप्रूप नाही. अप्रूप होतं ते मावळ्यांचं, म्हणून लेकीने बॅगेतून आणलेले प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे मावळे वाटले. एका पोराने तटाच्या बाहेर मातीचा बिबट्या बसवला. शिवाजी महाराजांच्या बरोबर समोर. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रात्री टेकाडामागचं आभाळ पांढरं झालं. मला वाटलं वणवा. मित्र म्हणाला, ‘चित्रनगरी. मालिकेतलं लग्न असेल.’ मध्यरात्री उशिरापर्यंत तिकडून तोच तोच सनईचा तुकडा ऐकू येत होता, थांबत होता, पुन्हा पहिल्यापासून. तबेल्यातली एखादी म्हैस मध्येच ओरडायची. अंग इतकं ठणकत होतं की मला झोपही येईना आणि उठवेनाही.

सोमवार, नरक चतुर्दशी

कारीट आम्ही फूलवाल्याकडून विकत आणतो, माणशी एक मोजून. इथे ती कुंपणाच्या वेलावर लटकलेली होती. लेकीने ओंजळभर तोडून आणली आणि पाड्यावरच्या सगळ्या पोरांना उंबऱ्यात उभं करून डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायला लावली. इथे ही पद्धत नाही, पण फोडायला काय, सगळ्यांनाच आवडतं. अंघोळीला चुलीवरचं पाणी, त्याला धुराचा वास. मनगटावरच्या रेघांवर उटणं लागलं तेव्हा मी जे बोललो ते सणाच्या दिवशी बोलू नये.

आजी त्याच्या आधीच गोरेगावला गेली होती. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी, म्हणजे तोरणांचा खरा खप आजचा. परतताना मेट्रो न धरता आम्ही स्टेशनवर गेलो, तिला भेटून लोकल पकडू म्हणून. गर्दी इतकी की आजी आधी दिसलीच नाही, तिची तोरणं दिसली. बायकोने एक उचललं आणि पैसे पुढे केले. आजीने हात मागे घेतला. बायकोने पैसे गोणपाटाखाली सारले. आजीने ते काढून लेकीच्या खिशात घातले. हे सगळं चाललं असताना दोन गिऱ्हाइकं उभी राहिली आणि लेक सरळ गोणपाटाच्या पलीकडे जाऊन बसली.

‘चाळीस,’ ती एकाला म्हणाली. तो तीस म्हणाला. ती दुसऱ्याकडे बघायला लागली.

आजी तोंडाला पदर लावून हसली. मग मला म्हणाली, ‘हिला ठेवून जा पाडव्यापर्यंत. कडपं उचलायची आहेत, भारे बांधायचे आहेत.’ बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, माझ्याही मनात तेच आलं होतं. ‘रात्री मी हिच्याशेजारीच झोपते,’ आजी म्हणाली, ‘दार आतून लावून.’ बायकोने जरा वेळ तोरणाच्या लोंब्या उगाच सारख्या केल्या. मग लेकीला फोनचा चार्जर काढून दिला, पूर्ण बाह्यांचा एक सदरा दिला, रोज संध्याकाळी फोन करायचा असं दोनदा बजावलं, आणि आम्ही दोघं नऊ नंबरचा डबा येतो तिथे जाऊन उभे राहिलो.